हिशेब मागणारा बॅरिस्टर

बार्शीटाकळीत नाली तुंबली, नळ कोरडा गेला किंवा खांबावरचा दिवा बंद पडला, तर पहिला फोन कोणाला जातो? आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला. आणि नगरसेवक पुढे कोणाला फोन लावतो? मुख्याधिकाऱ्यांना. नगरपंचायतीचं हे गणित आपल्याला इतकं पाठ आहे, की कोणीतरी कधीतरी बसून ते जुळवलं असेल, हे डोक्यातच येत नाही. एक निवडून आलेला, एक नेमलेला. एक मुदत संपली की हात जोडून तुमच्या दारात उभा राहणारा, दुसरा बदलीच्या ऑर्डरवर येणारा आणि ऑर्डरवरच जाणारा. काम करून घ्यायचं दुसऱ्याने, पण पैसा कशावर खर्च व्हायचा याची मंजुरी पहिल्यांच्या सभेची. काहून बरं असं? सगळं एकाच्याच हातात देऊन टाकलं असतं तर भानगड कमी झाली नसती का?

१८७१ साली मुंबईत याच प्रश्नावर जुंपली होती. आणि भर सभेत, समोर बसलेल्या चिडलेल्या लोकांना आवडणार नाही असं उत्तर देणारा वकील होता अवघ्या २६ वर्षांचा. नाव फिरोजशहा मेरवानजी मेहता. मुंबईला जाऊन आलेल्यांना फिरोजशहा मेहता रोड माहीत असतो. मलबार हिलचं हँगिंग गार्डन पाहिलेलं असतं, त्या बागेलाही त्यांचंच नाव आहे. शाळेच्या पुस्तकात मवाळ नेत्यांच्या यादीत रानडे, गोखले यांच्या आगेमागे हे नाव येतं आणि आपण पुढच्या ओळीवर जातो. यादीतला हा माणूस चाळीसेक वर्षं शहराच्या नाल्या, पाणी, घरपट्टी आणि बजेट यांत मान घालून बसला होता, हे परीक्षेला येत नाही म्हणून आपल्याला कळतही नाही.

त्यांची गोष्ट मुंबईची खरी, पण तिचा एक धागा आपल्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीत आहे. धागा म्हणजे अक्षरशः धागाच, कापसाचा.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईतल्या पारशी व्यापारी घराण्यातला. पोरगा हुशार. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये बी.ए. झाला आणि लगेच एम.ए.ही. तेव्हा मुंबई विद्यापीठ जेमतेम सात वर्षांचं होतं, पदवीधर बोटांवर मोजण्याइतके. आता याच वर्षांत जगात काय चाललं होतं बघा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मग सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसावर. खामगाव, अकोला, अमरावती इथल्या बाजारात कापसाला कधी नव्हता तो भाव आला आणि तो माल ज्या बंदरातून बाहेर जायचा त्या मुंबईत पैशाचा नुसता पूर आला. बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याचे शेअर निघाले. ज्याला त्याला शेअर पाहिजे.

त्या पुराचं थोडं पाणी या तरुण फिरोजशहापर्यंत पोचलं. रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई या धनिकाने काही हिंदी तरुणांना बॅरिस्टरीसाठी विलायतेला पाठवायला मोठी रक्कम देऊ केली. एल्फिन्स्टनचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी आपल्या या विद्यार्थ्याचं नाव सुचवलं. १८६४ च्या अखेरीस स्वारी बोटीवर. आणि १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, मुंबईचा फुगा फुटला. काल लखपती असलेले लोक आज दिवाळखोर. रुस्तमजीही बुडाले आणि त्यांच्याबरोबर शिष्यवृत्तीचा पैसाही. भाव पडला की काय होतं ते कापूस पिकवणाऱ्या घरातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. फिरोजशहांचं घर खातंपितं होतं म्हणून शिक्षण अर्धवट राहिलं नाही, एवढंच. लंडनमध्ये त्यांची ऊठबस दादाभाई नौरोजींच्या वर्तुळात झाली. १८६८ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परत आले.

परत आले ते शहर मात्र बदललेलं होतं. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८ लाखांवर माणसं मोजली गेली होती, १८७२ च्या गणतीत ती साडेसहा लाखांच्याही आत आली. तेजीच्या मागे आलेले लोक मंदीबरोबर निघून गेले. पण तेजीच्या काळात शहराने जी मोठी स्वप्नं पाहिली होती, त्यांचं बिल यायचं बाकी होतं.

त्या स्वप्नांचा कारभारी होता आर्थर क्रॉफर्ड. १८६५ च्या कायद्याने मुंबईला पहिल्यांदा म्युनिसिपल कमिशनर मिळाला, तो हा. वरून देखरेख करायला जस्टिस ऑफ द पीस म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींचा मोठा घोळका होता. पण घोळका तो घोळकाच, हिशेब कोण बघतो? क्रॉफर्ड माणूस मोठा धडाडीचा. रस्ते रुंद केले, गटारं आणि कचऱ्याचं काम हाती घेतलं, त्याच्या नावाचं प्रसिद्ध मार्केट १८६९ मध्ये उभं राहिलं. शहर आधीपेक्षा स्वच्छ झालं, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता येत नव्हतं. फक्त हे सगळं करताना तिजोरीत किती आहे, हे तो पाहत नव्हता. खर्च आधी, मंजुरी मग, पैसा त्याच्याही मग. कर वाढत गेला, कर्ज वाढत गेलं. मंदीने आधीच कंबर मोडलेले घरमालक आणि व्यापारी १८७१ मध्ये खवळून उठले. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक असे वजनदार लोक करदात्यांच्या बाजूने उभे राहिले.

चिडलेल्या लोकांची मागणी सरळ होती. कमिशनर नकोच. त्याच्या हातातला कारभार काढा आणि तो एका समितीकडे द्या. रागावलेल्या माणसाला हे पटकन पटतं. ज्याने घोळ केला त्याची खुर्चीच मोडून टाकायची, विषय संपला.

नोव्हेंबर १८७१ मध्ये धोबी तलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहांनी या प्रश्नावर निबंध वाचला. सभागृह करदात्यांच्या रागाने भरलेलं. आणि या तरुण बॅरिस्टरने सांगितलं, की खुर्ची मोडू नका. एवढं मोठं शहर चालवायचं तर रोजची अंमलबजावणी एकाच जबाबदार माणसाकडे हवी. दहा जणांची समिती कारभार करायला बसली, तर चूक झाल्यावर दहाही जण एकमेकांकडे बोट दाखवतील. दुखणं अधिकारी बलवान आहे हे नाही, त्याला हिशेब विचारणारं वर कोणी नाही हे आहे. सरकारने नेमलेले प्रतिष्ठित लोक हिशेब विचारत नाहीत, कारण त्यांना कोणी निवडलेलं नाही आणि त्यांना कोणी घरीही बसवू शकत नाही. तेव्हा जे कर देतात त्यांनी आपले प्रतिनिधी निवडावेत, पैशाची किल्ली त्या निवडलेल्या सभेकडे असावी, आणि त्या सभेखाली एक सक्षम अधिकारी असावा. थोडक्यात सांगायचं तर दोन्ही पाहिजेत, आणि कोण वर कोण खाली हे स्पष्ट पाहिजे.

लोकांना हे रुचलं नाही. सभेत विरोध झाला. ज्या क्रॉफर्डच्या नावाने शहर खडे फोडत होतं, त्याच्या पदाची बाजू घेणारा हा कोण पोरगा, असा सूर निघाला. इथे थोडं थांबून विचार करा. गर्दीच्या बाजूने बोलून टाळ्या घेणं त्या दिवशी किती सोपं होतं! नुकती वकिली सुरू केलेल्या, पक्षकार मिळवायची गरज असलेल्या माणसाला तर फारच. मला विचाराल तर फिरोजशहांच्या साऱ्या आयुष्यातली ही सर्वांत धाडसाची संध्याकाळ होती. पुढे त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात सरकारला सुनावलं, ते धाडस होतंच. पण आपल्याच माणसांच्या रागासमोर उभं राहणं त्याहून अवघड असतं.

आणि गंमत बघा, वर्षाच्या आत कायदा आला तो बराचसा याच वळणाचा. १८७२ च्या कायद्याने मुंबईला ६४ सदस्यांची कॉर्पोरेशन मिळाली. त्यातले ३२, म्हणजे निम्मे, करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. कमिशनरचं पद राहिलं, पण खर्चावर नजर ठेवायला टाऊन कौन्सिल नावाची छोटी समिती आली. आजच्या स्थायी समितीची ही आजी समजा. एवढ्या मोठ्या शहराच्या कारभारात निम्मी माणसं मतदारांनी पाठवायची, हे हिंदुस्थानात तेव्हा नवलच होतं. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा गाजलेला ठराव यायला अजून दहा वर्षं होती.

मतदार म्हणजे कोण, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर चित्र फारच गोड होईल. मत होतं ठरावीक रकमेपेक्षा जास्त कर भरणाऱ्यांना. साडेसहा लाखांच्या शहरात ते काही हजारच. गिरणीत राबणारा, चाळीत एका खोलीत राहणारा, रस्ता झाडणारा त्या यादीत नव्हता. फिरोजशहांनाही एकदम सगळ्यांना मत द्यावं असं वाटत नव्हतं. कर देईल तो मत देईल, हे त्या काळच्या विलायती उदारमतवादाचं सूत्र त्यांनी मानलं होतं. त्याच काळात पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळायला त्यांनी एकट्याने विरोध केला, कारण तो पैसा कोणाच्या खिशातून येतो हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. नेमलेला माणूसही गरिबाच्या वतीने बोलू शकतो आणि निवडलेल्यांच्या सभेतही गरिबाला जागा नसू शकते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला आज अधिकृत नाव आहे ते फुल्यांचं.

कॉर्पोरेशनच्या सुरुवातीच्याच वर्षांत फिरोजशहा सदस्य झाले आणि मग त्या सभागृहाचेच होऊन गेले. १८८४ आणि १८८५ ला अध्यक्ष. त्या वेळचे मुंबईचे तीन तरुण वकील, मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी, कुठल्याही सार्वजनिक कामात एकत्र दिसायचे. एक पारशी, एक मराठी ब्राह्मण, एक मुसलमान. १८८५ मध्ये तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतच काँग्रेसची पहिली बैठक भरली.

पण माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम काँग्रेसमधलं नाही. ते आहे १८८८ चं. सरकारने मुंबई म्युनिसिपल कायदा नव्याने करायला घेतला तेव्हा मसुद्यात कमिशनरचं पारडं पुन्हा जड करायचा बेत होता. मेहता आणि तेलंग दोघेही तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात होते. त्यांनी कलम अन् कलम हातात घेतलं. कायद्याचं हे काम मोठं कंटाळवाणं असतं बरं का. भाषणाला टाळी मिळते. पोटकलमातला एक शब्द बदलून घेतला तर कोणी हार घालत नाही. पण शेवटी मंजूर झालेल्या कायद्यात शहराचा कारभार चालवण्याचा मूळ अधिकार कॉर्पोरेशनचा राहिला आणि कमिशनर तिच्या मंजुरीने व तिच्या बजेटाच्या मर्यादेत काम करणारा अधिकारी झाला. सदस्य ७२ झाले, त्यातले ३६ वॉर्डांतून निवडून येणारे. बाकी १६ जस्टिस मंडळींचे, २ विद्यापीठाचे, २ चेंबर ऑफ कॉमर्सचे आणि १६ सरकारी नेमणुकीचे.

हाच कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, मुंबई महापालिकेला आजही लागू आहे. म्हणजे बघा, देश स्वतंत्र झाला, राज्य बनलं, मत सगळ्यांना मिळालं, तरी शहराच्या कारभाराची चौकट तीच. आपल्या अकोला महापालिकेचा कायदा वेगळा आणि नगरपरिषदा-नगरपंचायतींचा १९६५ चा आणखी वेगळा. पण तिन्हींचा सांगाडा ओळखीचा वाटतो. निवडलेली सभा, तिच्याकडे पैशाची मंजुरी, आणि शासनाने पाठवलेला एक अधिकारी. बार्शीटाकळीच्या नगरपंचायतीत सभा भरते आणि मुख्याधिकारी विषय मांडतात, तेव्हा १८७१ च्या त्या भांडणाचं उत्तरच चालू असतं.

जाता जाता क्रॉफर्डचं काय झालं तेही ऐका. साहेब पुढे बढती मिळवत पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर झाले. आणि नेमकं १८८८ मध्येच, मुंबईचा नवा कायदा झाला त्याच वर्षी, मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून त्यांची चौकशी बसली. ते क्रॉफर्ड प्रकरण साऱ्या महाराष्ट्रात गाजलं आणि साहेबांची नोकरी गेली. हिशेब न विचारलेला कर्तबगार अधिकारी कुठवर जाऊ शकतो, याचं उदाहरण शोधायला फिरोजशहांना लांब जावं लागलं नाही.

स्वभावाने फिरोजशहा काही साधे-भोळे नव्हते. कपड्यांचे शौकीन, नटूनथटून निघायचे, गालावर भरघोस कल्ले. वादात समोरच्याची टर उडवण्यात पटाईत. लोक त्यांना मुंबईचा सिंह म्हणायचे, कोणी मुंबईचा बिनमुकुटाचा राजा म्हणायचे. सभागृहात ते उठले की कमिशनर सावध व्हायचा, कारण कायदा आणि बजेट त्यांच्या जिभेवर असायचं. सरकार शहराच्या पोलिसांच्या खर्चाचा बोजा कॉर्पोरेशनवर टाकत होतं. पोलिसांवर हुकूम सरकारचा, मग बिल शहराने काहून भरायचं? या एका मुद्द्यावर ते वर्षानुवर्षं भांडत राहिले. १९०७ मध्ये शेवटी तोडगा निघाला, पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि बदल्यात कॉर्पोरेशनने प्राथमिक शिक्षणासारखा खर्च अंगावर घेतला.

फक्त शहराचंच पाहत होते असंही नाही. १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क सरकारला रोखता येणार होता. शेतकऱ्याचं मत न घेता त्याच्या जमिनीवर असा निर्णय नको, तपासासाठी वेळ द्या, अशी मागणी फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा उठले आणि सभागृहाबाहेर चालते झाले. पाठोपाठ गोपाळ कृष्ण गोखले आणि आणखी काही सदस्य. आज सभात्याग रोजचा झालाय, त्यात काही राहिलेलं नाही. तेव्हा ती मोठी खळबळ होती.

आता १९०७ ची गोष्ट. मला ती सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती निवडणुकीची आहे.

त्या वर्षी फिरोजशहा ६१ वर्षांचे. कॉर्पोरेशनमध्ये ते जस्टिस मंडळींच्या १६ जागांमधून निवडून यायचे. सरकारी अधिकारी, काही युरोपीय व्यापारी आणि एका इंग्रजी दैनिकाचे संपादक यांनी आपसात ठरवलं, की या माणसाला यंदा घरी बसवायचं. त्यांनी १६ जणांचं एक पॅनेल तयार केलं. मतदार मंडळींना कानमंत्र गेला, की पॅनेलला एकगठ्ठा मत द्या, नावं इकडेतिकडे करू नका. लोक या टोळक्याला कॉकस म्हणायला लागले. पॅनेल म्हटलं की आपल्याकडे सोसायटीची नाही तर बाजार समितीची निवडणूक आठवते. हे त्याच जातीचं, फक्त सुटाबुटातलं. निकाल लागला. १६ जागा आणि फिरोजशहांचा नंबर सतरावा.

शहर चकित झालं. ज्याने या सभागृहाचा कायदा घडवला तोच सभागृहाच्या दाराबाहेर. निषेधाची मोठी सभा भरली, गोखल्यांसारखे नेते त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणि मग प्रकरणाने वळण घेतलं. निवडून आलेल्या सोळांपैकी एक जण कायद्याने अपात्र असल्याचा मुद्दा निघाला, तो टिकला, आणि सतरावा माणूस सोळावा झाला. नियमांचं पुस्तक पाठ असण्याचा असाही उपयोग होतो!

पण याच वर्षाच्या अखेरीस याच माणसाची दुसरी बाजू दिसली, आणि ती आपल्या भागाशी जोडलेली आहे. १९०७ ची काँग्रेस नागपूरला भरायची ठरली होती. नागपूर आणि वऱ्हाडात टिळकांच्या जहाल पक्षाचा जोर, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यांचे खंदे साथीदार. तिथे आपलं चालणार नाही हे दिसताच मवाळांनी अधिवेशनच उचलून सुरतेला नेलं, आणि या निर्णयामागे फिरोजशहांचा हात मोठा होता. सुरतेत जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खुर्च्या उडाल्या, एक जोडा भिरभिरत आला. सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून तो फिरोजशहांवर आदळला, असं तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवलंय. काँग्रेस फुटली. नगरपालिकेत मतदाराचा आवाज मागणारा हा नेता पक्षात मात्र विरोधी आवाज जिथे मोठा होता ते गावच टाळून मोकळा झाला. त्यांच्या चरित्रकारांनी याची कारणं दिली आहेत, काही पटण्याजोगीही आहेत. तरी नागपूरचा मंडप हलवला ही गोष्ट मला वऱ्हाडी माणूस म्हणून खटकतेच. अमरावतीचेच रघुनाथराव मुधोळकर मात्र मवाळांच्या बाजूला होते आणि पुढे १९१२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षही झाले. म्हणजे आपल्या एकाच गावात दोन्ही पक्ष नांदत होते, भांडत होते.

शेवटची वर्षंही रिकामी गेली नाहीत. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी हिंदी लोकांच्या भांडवलावर सेंट्रल बँक ऑफ इंडिया काढली, तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहा. एका इंग्रजी दैनिकाने आपल्याविरुद्ध पॅनेल उभं केलं होतं हे ते विसरले नसावेत. १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बॉम्बे क्रॉनिकल हे वर्तमानपत्र निघालं, संपादक बी. जी. हॉर्निमन. ५ नोव्हेंबर १९१५ ला फिरोजशहा गेले.

त्यांची गोष्ट आत्ताच काढायचं कारण आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, आपल्या अकोला महापालिकेचीही त्याच सुमाराला संपली. पुढची निवडणूक मात्र वेळेवर झाली नाही. प्रकरण कोर्टात, आरक्षणाचा वाद, वॉर्डांच्या हद्दी, एकामागून एक. तीन वर्षांहून जास्त काळ दोन्ही शहरांचा कारभार प्रशासक पाहत होते. बजेट प्रशासकाने मांडायचं आणि प्रशासकानेच मंजूर करायचं. राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांचं तेच झालं. प्रशासकांनी काम वाईट केलं असं मला म्हणायचं नाही, कुठे रस्ते चांगलेही झाले असतील. क्रॉफर्डचेही झाले होते. पण त्या काळात १८ वर्षांची झालेली पोरंपोरी आपल्या शहराच्या सभागृहासाठी मत न देताच २१ ची झाली, आणि वॉर्डातली नाली तुंबल्यावर फोन लावायला त्यांच्याकडे नंबरच नव्हता.

कधी अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेलात तर गाडी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते. बाहेर आलं की रस्त्यापलीकडे महापालिकेची ती उंच घुमटाची दगडी इमारत. तिच्या दारासमोर चौथऱ्यावर एक पुतळा १९२३ पासून उभा आहे. सेल्फी सगळे इमारतीबरोबर काढतात. पुतळ्याखालचं नाव एकदा वाचून बघा.